टॉवर म्हणतो खाली, यंत्र म्हणते वर

प्रवासी विमानांत ‘टीकॅस’ नावाची टक्करविरोधी यंत्रणा असते. ती आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला साधारण दर सेकंदाला रेडिओवरून साद घालते आणि आलेल्या उत्तरावरून त्यांचे अंतर व उंची काढते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने सेकंदाला अर्धा किलोमीटर जवळ येतात. कारंजा (घाडगे) ते नागपूर हे सुमारे पाऊणशे किलोमीटरचे अंतर त्यांच्यामधून अडीच मिनिटांत संपेल. म्हणून टीकॅस धोका सेकंदांत मोजते. उंचीनुसार साधारण २० ते ४८ सेकंद आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा येतो. तेव्हा सावध व्हायचे, विमान हलवायचे नाही. धोका कायम राहिला तर १५ ते ३५ सेकंद आधी ‘क्लाइम्ब’ किंवा ‘डिसेंड’ असा आदेश येतो आणि वैमानिकाने तो पाच सेकंदांत अमलात आणायचा असतो.

गैरसमज सुरू होतो तो इथे. यंत्र काहीही सांगो, शेवटचा शब्द जमिनीवरच्या नियंत्रकाचा, कारण त्याला सगळे आकाश दिसते, असे अजूनही छातीठोकपणे सांगितले जाते. नियम याच्या नेमका उलट आहे, आणि तो ७१ जीव गेल्यावर स्पष्ट झाला. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील यूबरलिंगेनजवळ रशियन टीयू-१५४ आणि डीएचएलचे मालवाहू बोइंग ७५७ एकाच उंचीवर एकमेकांकडे येत होते. झुरिकच्या नियंत्रकाने रशियन विमानाला खाली यायला सांगितले. काही सेकंदांत त्याच विमानातील टीकॅस ‘वर जा’ म्हणाली, तर बोइंगमधील टीकॅस ‘खाली जा’. बोइंगने यंत्राचे ऐकले, रशियन वैमानिकांनी नियंत्रकाचे. दोन्ही विमाने खाली येत एकमेकांवर आदळली. जर्मन तपास अहवालाने त्या वेळच्या नियमांतील संदिग्धतेवरही बोट ठेवले. टीकॅसचा आदेश नियंत्रकाच्या सूचनेविरुद्ध असला तरी तोच पाळायचा, हे त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत निःसंदिग्धपणे आले. वैमानिकाने आदेश मिळाल्याचे कळवले की ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ ऐकू येईपर्यंत नियंत्रकाने त्याचा मार्ग बदलायचा नाही.

यात नियंत्रकाच्या कौशल्याचा अवमान नाही. रडारचे चित्र काही सेकंदांनी एकदा ताजे होते आणि नियंत्रकाला वैमानिकाशी बोलायला आणखी वेळ लागतो. दोन विमानांतील टीकॅस मात्र परस्पर संदेश पाठवून ठरवतात: एक वर, दुसरे खाली. त्यात तिसऱ्याने शब्द घातला की ठरलेले मोडते.

टीकॅस नसण्याची किंमत भारताने आधीच मोजली होती. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर कझाक विमान ठरवून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले आणि सौदी विमानावर आदळले. ३४९ जण गेले. दोन्हींत टीकॅस नव्हती. त्यानंतर भारतीय हद्दीतील प्रवासी विमानांना ती सक्तीची झाली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईच्या हवाई क्षेत्रात भोपाळला निघालेले एअर इंडियाचे आणि पुण्याला येणारे विस्ताराचे विमान असेच जवळ आले. तेव्हाच्या बातम्यांनुसार उंचीतला फरक शंभर फुटांवर आला होता. टीकॅसच्या आदेशांवर ती दूर झाली.

बाकीचे समज थोडक्यात निकालात निघतात. कारंज्याच्या आकाशात दोन पांढरे पट्टे एकमेकांना छेदले म्हणजे विमाने थोडक्यात वाचली, असे नव्हे. उंचीतले नियमाचे १,००० फूट अंतर दहा किलोमीटर खालून डोळ्यांना कळत नाही. टीकॅस डावी-उजवी वळणे सुचवत नाही, कारण दुसऱ्या विमानाची दिशा तिला तितकी अचूक कळत नाही. ती स्वतः विमान वळवते असेही नाही. काही नव्या एअरबस सोडल्या तर आदेश वैमानिकच हाताने पाळतो. डोंगराचा इशारा देणारी यंत्रणा वेगळी असते. जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली टीकॅस चढण्या-उतरण्याचे आदेशच देत नाही. आणि पक्षी, पतंग किंवा ट्रान्सपॉन्डर नसलेला ड्रोन तिला दिसतच नाही. ब्राझीलमध्ये २९ सप्टेंबर २००६ रोजी एका छोट्या जेटचा ट्रान्सपॉन्डर बंद होता; त्यामुळे समोरून येणाऱ्या गोल कंपनीच्या बोइंगला कसलाही इशारा मिळाला नाही आणि टक्कर होऊन त्यातील सर्व १५४ जण मरण पावले.