तिसरीतली वाचनपरीक्षा

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात तिसरीतून चौथीत जायचं, तर वाचनाची परीक्षा पास व्हावी लागते. २०१३च्या कायद्याने ही अट घातली. पहिल्यांदा नापास झालेल्या मुलाला पुन्हा संधी मिळते. नुकतंच इंग्रजी शिकू लागलेल्या आणि काही दिव्यांग मुलांना सूटही आहे.

पण कायदा नुसता नापास करून थांबत नाही. बालवाडीपासूनच चाचण्या घेऊन मागे पडणारी मुलं हेरली जातात. शिक्षकांना अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालून शिकवण्याचं प्रशिक्षण मिळतं. कमकुवत शाळांत वाचन-मार्गदर्शक जातात.

२०१३मध्ये चौथीच्या राष्ट्रीय वाचनचाचणीत तळाजवळ असलेलं हे राज्य २०१९मध्ये देशाच्या सरासरीला पोचलं.

कच्ची मुलं वर्षभर मागे ठेवल्यानेच निकाल सुधारलेला दिसतो, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही.