दुसऱ्याच्या खांद्यावरची बंदूक

डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात सोव्हिएट फौजा शिरल्या. अमेरिकेने मुजाहिदीनांस शस्त्रे धाडली. पण आपला हात दिसू नये म्हणून प्रथम ती सोव्हिएट धाटणीचीच, इजिप्त व चीनकडून विकत घेतलेली! सौदी अरेबियानेही थैली सैल सोडली. माल कराचीस उतरे. कोणत्या गटास किती, हे पाकिस्तानचे हेरखाते ठरवी, आणि हेकमतयारच्या पदरात झुकते माप पडे. आमच्या मते खरी मेख येथेच आहे: देणाऱ्याच्या हाती वाटप नव्हते. १९८६ मध्ये खांद्यावरून सोडावयाची अमेरिकन स्टिंगर क्षेपणास्त्रे आली, नि उरलासुरला पडदाही गळाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएट फौजा परतल्या. पुढे शिल्लक स्टिंगर परत मिळविण्यास अमेरिकेला पुन्हा पैसे मोजावे लागले. १९९२ नंतर हेकमतयारचे अग्निबाण काबूलच्या वस्तीवर कोसळत होते.