उंचीचा ताण, वळणाचा ताण

६ सप्टेंबर १९७६ रोजी सोव्हिएत वैमानिक विक्टर बेलेंको आपले मिग-२५ विमान घेऊन जपानमधील हाकोदाते विमानतळावर उतरला आणि त्याने आश्रय मागितला. दुरून काढलेली छायाचित्रे आणि रडारवरच्या नोंदी पाहून पाश्चात्त्य तज्ज्ञांनी या विमानाला अत्यंत चपळ लढवय्या ठरवले होते. ते उघडून पाहिल्यावर निदान बदलले. सांगाडा मुख्यतः पोलादाचा, वजन अवाढव्य. ध्वनीच्या अडीच पटींहून अधिक वेगाने सरळ धावण्यात त्याचा हात धरणारे क्वचितच कोणी होते. पण झटकन वळणे त्याच्या प्रकृतीतच नव्हते.

कारण ते होते इंटरसेप्टर. अण्वस्त्रे घेऊन येणारे बॉम्बफेकी विमान शहरांपासून दूर असतानाच गाठायचे, क्षेपणास्त्र सोडायचे आणि परतायचे, एवढेच त्याचे काम. त्यासाठी हवा वेग, उंची आणि ताकदवान रडार. १९७२ मध्ये पहिले उड्डाण केलेले अमेरिकेचे एफ-१५ मात्र हवाई वर्चस्वासाठी बनले. शत्रूच्या लढाऊ विमानांना भिडून आकाश ताब्यात ठेवायचे, म्हणजे वळायचे, पाठलाग करायचा, चौफेर नजर ठेवायची. ही कामे वेगळी, म्हणून वैमानिकाच्या शरीराची परीक्षाही वेगळी.

इंटरसेप्टरच्या वैमानिकाचा वैरी म्हणजे विरळ हवा. साधारण १२ किलोमीटर उंचीवर कॉकपिटमधील दाब गेला आणि मास्क निसटला, तर नीट विचार करण्याची क्षमता जेमतेम १५ ते २० सेकंद टिकते. वाईट म्हणजे, प्राणवायू कमी पडलेल्या मेंदूला अनेकदा सारे छान वाटत असते! त्याहून वर शुद्ध प्राणवायूही पुरत नाही. तो दाबाने फुप्फुसात भरावा लागतो. मग श्वास आपोआप आत येतो आणि उच्छ्वासासाठी जोर लावावा लागतो. सुमारे १९ किलोमीटरवर हवेचा दाब इतका घटतो की ३७ अंश तापमानालाच पाणी उकळते. म्हणून तिथे अंतराळवीरांसारखा दाबपोशाख लागतो.

हवाई वर्चस्वाच्या विमानात प्रश्न रक्ताचा. वेगात वळताना शरीराचे वजन अनेक पटींनी वाढते. नेहमीचे वजन म्हणजे १ जी, पाचपट झाले की ५ जी. (मोबाइलच्या फाइव्ह-जीशी याचे नाते नाही.) डोळे हृदयापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर वर असतात. एवढ्या उंचीवर रक्त चढवायला हृदयाच्या दाबातले साधारण २२ मिलिमीटर खर्च होतात. ५ जीमध्ये हा खर्च ११० होतो, आणि निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब असतो १२० च्या आसपास. हिशेब सरळ आहे. आधी रंग फिके पडतात, मग नजरेचा बोगदा होतो, मग काळोख. डोळ्यांत मुळातच दाब असल्याने दृष्टी आधी जाते आणि शुद्ध नंतर. वळण फारच झटक्यात घेतले, तर ही पूर्वसूचनाही मिळत नाही. शुद्ध हरपली की साधारण १२ सेकंद माणूस निपचित असतो, आणि तेवढाच वेळ गोंधळलेला. इतक्या वेळात विमान कित्येक किलोमीटर पुढे गेलेले असते.

यावरचा उपाय वैद्यकीय प्रयोगशाळेतून आला. टोरांटोतील कर्करोग संशोधक विल्बर फ्रँक्स यांना दिसले की पाण्याने वेढलेले उंदीर प्रचंड ताण सोसतात. इन्सुलिनमुळे ख्यातनाम झालेल्या फ्रेडरिक बँटिंग यांनी त्यांना पाठबळ दिले आणि दुसऱ्या महायुद्धात पाण्याने भरलेला जी-सूट तयार झाला. आज त्यात हवा असते. ती पाय आणि पोट आवळून रक्त खाली साचू देत नाही. तरीही या सूटने मिळतो जेमतेम एक-दीड जीचा आधार. उरलेला भार वैमानिक स्वतः उचलतो: पाय, मांड्या, पोट घट्ट करायचे, श्वास कोंडायचा आणि दर तीनेक सेकंदांनी चटकन बदलायचा. जोडीला क्षेपणास्त्र, रडार आणि शत्रू सांभाळायचे.

आता ही विभागणी पुसट झाली आहे. नाशिकजवळ ओझरला पूर्वी मिग-२१ बनत. ते मुळात इंटरसेप्टर. तिथेच पुढे सुखोई-३० एमकेआय तयार झाले. ते पाठलागही करते आणि झुंजही देते. साहजिकच वैमानिकाला दोन्ही ताणांची तयारी ठेवावी लागते. बेंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत विरळ हवेची खोली आहे आणि माणसाला गरागरा फिरवणारे सेंट्रिफ्यूजही. खोलीत आपली लक्षणे ओळखायला शिकायचे, यंत्रात श्वासाचे तंत्र घोटायचे.

एक दुखणे मात्र सूटच्या आवाक्याबाहेरचे आहे. डोके आणि हेल्मेट मिळून साधारण ६ किलो. ९ जीमध्ये ते ५४ किलो होतात आणि नेमके तेव्हाच मान वळवून मागचे विमान शोधायचे असते. त्यामुळे चपळ विमानांच्या वैमानिकांत मानदुखी ही नेहमीची तक्रार आहे, आणि त्यांच्या व्यायामात दंडांइतकेच मानेच्या स्नायूंकडे लक्ष द्यावे लागते.