सुकेळी दुकानात देण्यापूर्वी

फेस्ताच्या फेरीत आपण सुकेळी, फणसपोळी ओळखीच्यांना विकतो. तिथे आपला शब्द पुरतो. दुकानातले गिऱ्हाईक मात्र आपल्याला ओळखत नाही. म्हणून 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली आधी नोंदणी करून 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा. घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची व वापराची शेवटची तारीख, आपला पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूणही हवी.

रंग राखण्यासाठी गंधकाची धुरी दिली असल्यास ती लपवू नये. किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट असेल, तर तसे लिहिणे बंधनकारक आहे. दमेकऱ्याला त्याने धाप लागू शकते. आम्ही तर म्हणू, धुरीच नको. जाळीखाली, कडक उन्हात सुकवलेले केळे तपकिरी होते, त्यात लाज कसली?