स्वकीयांनी न स्वीकारलेला

योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील अकरावे वचन ऐकताच मन खिन्न होते. प्रभू स्वतःच्या घरी आला आणि घरच्या माणसांनीच त्याचा स्वीकार केला नाही, असा त्याचा आशय. मूळ ग्रीकमध्ये ‘आपले’ या अर्थाचा शब्द येथे दोनदा आला आहे. प्रथम नपुंसकलिंगी, नंतर पुल्लिंगी. पहिल्याचा अर्थ आपले घर, आपले ठिकाण. दुसऱ्याचा, आपली माणसे. तिन्ही लिंगे बाळगणाऱ्या मराठीला हा भेद सहज पेलतो. जुन्या इंग्रजी भाषांतरात तो दिसतही नाही.

तो नपुंसकलिंगी शब्द याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात पुन्हा भेटतो. क्रूसावरून येशू आपल्या आईला प्रिय शिष्याच्या स्वाधीन करतो आणि शिष्य तिला ‘आपल्या घरी’ नेतो. ज्याला स्वतःच्या घरी थारा मिळाला नाही, त्याने मरतामरता आईच्या निवाऱ्याची सोय केली!

अशा वचनांच्या आधारे युरोपात शतकानुशतके यहूदी समाजावर सरसकट ठपका ठेवला गेला. वस्तुतः येशू यहूदी, मरिया यहूदी, पहिले शिष्यही यहूदीच. येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या यहूद्यांवर लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले. फारच उशीर झाला, असे म्हणणे भाग आहे.

शिवाय हा अव्हेर कायमचा होता काय? सातव्या अध्यायात येशूच्या भावांचाच त्याच्यावर विश्वास नाही. (कॅथलिक परंपरा त्यांना सख्खे भाऊ मानत नाही.) परंतु ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडावे, तो पहिल्याच अध्यायात हे भाऊ मरियेसह प्रार्थनेत बसलेले आढळतात. त्यांपैकी याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला.

आपल्याकडे या वचनाबरोबर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण निघते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आप्त दुरावले. पण घरच्यांच्या दृष्टीने पाहिले तर दार त्यांनी लावले होते की टिळकच उंबरठा ओलांडून गेले होते? पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. त्या काळातील त्यांची तगमग ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचताना, न स्वीकारणाऱ्याचे दुःखही केवढे असते ते कळते. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.