एकादशीची खिचडी आणि पेशींची सफाई

मुंबईचा बराचसा कचरा रोज कांजूरमार्गच्या प्रकल्पात जातो आणि तिथे तो कुजवून त्यातून वायू मिळवला जातो. आपल्या पेशींचा कारखाना याहून सरस आहे: मोडकी प्रथिने, थकलेली मायटोकॉन्ड्रिया दुहेरी पडद्याच्या पिशवीत बांधायची, लायसोसोमच्या विकरांनी विरघळवायची आणि सुटे झालेले अमिनो आम्ल पुन्हा वापरायचे. या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. यीस्टची उपासमार करून योशिनोरी ओसुमी यांनी तिची जनुके शोधली. त्यासाठी त्यांना 2016 चे नोबेल मिळाले.

ही सफाई थोडीफार सदैव चालूच असते. जेवल्यावर इन्सुलिन व अमिनो आम्ले एमटॉर नावाचे प्रथिन जागे करतात, ते तिला आवर घालते. अन्न थांबले की आवर सुटतो. आता आपली एकादशी पाहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. वर बटाटा, दाण्याचे कूट, दुपारी राजगिऱ्याचा लाडू. इन्सुलिन दिवसभर चढेच! श्रद्धा म्हणून हा उपवास मोलाचाच, पण पेशींच्या लेखी ते भरपेट जेवण आहे.

मग निर्जळी करावी का? उपाशी उंदरांच्या यकृतात ऑटोफॅजी वाढलेली स्पष्ट दिसते. माणसात मात्र ती मोजणे अवघड आहे, त्यामुळे ‘सोळा तासांनी सफाई सुरू’ अशा ठाम आकड्यांवर विसंबू नका. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपवास करू नये.