मोठ्या गाडीची भूक

माझा भाचा पुण्यात एका उद्योजकाच्या घरी ड्रायव्हर आहे. गाडी परदेशी बनावटीची, डिझेलची, वजनाला अडीच टन. आत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटावं. उन्हाळ्यात एका लग्नासाठी तो गावी आला, तो तोंड पाडूनच.

"मामू, शेठ म्हणतात, गाडीनं लिटरला दहाचा ॲव्हरेज द्यायला पाहिजे. चाळीस किलोमीटरला चार लिटर. मग सहा कसे लागतात? रोजचं दोन लिटर डिझेल जातं कुठं?"

प्रश्न साधा होता, पण त्यात चोरीचा आळ होता. बारा वर्षांची नोकरी पणाला लागली होती.

मी कवितेचा माणूस. गणिताशी माझी सोयरीक शाळेतच तुटली. तरी कागद-पेन्सिल घेऊन आम्ही दोघं बसलो, आणि जे समजलं ते तुम्हांला सांगावंसं वाटतं.

पहिली गोष्ट वजनाची. लहान गाडी पाऊण टनाची, ही तिच्या तिप्पट-चौपट. थांबलेली गाडी हलवायला जे इंधन जळतं, ते वजनाच्या हिशेबात जळतं. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ती सगळी कमाई ब्रेकच्या उष्णतेत संपते. हिरवा दिवा लागला की पुन्हा पहिल्यापासून. हिंजवडीच्या कोंडीत हे किती वेळा होतं, ते तिथं अडकलेल्यांना विचारा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. ही गाडी उंच, रुंद. कपाट उभं करून पळवावं तशी. वेग ऐंशीवरून एकशेवीसवर नेला, म्हणजे दीडपट केला, तर हवेचा विरोध दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो.

तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. शेठ मीटिंगला जातात. परतल्यावर गाडी थंडगार हवी, म्हणून इंजिन आणि एसी चालूच. अशा मोठ्या इंजिनाला उभ्या-उभ्या तासाला लिटरभर डिझेल सहज लागतं, आणि किलोमीटर मोजणारा काटा तसूभरही हलत नाही. भाच्याला विचारलं, "रोज असा किती वेळ?" म्हणाला, "दीड तास तरी." म्हणजे दीड लिटर इथंच सापडलं. उरलेलं अर्धा लिटर सिग्नलांनी प्यायलं.

मग कंपनीच्या पत्रकातला आकडा खोटा का? खोटा नाही. आपल्याकडे गाड्यांची अशी चाचणी करणारी प्रमुख संस्था, एआरएआय, पुण्यातच आहे. वर्षानुवर्षं चालत आलेल्या पद्धतीत गाडी रोलरवर, ठरावीक वेगाच्या तक्त्याप्रमाणे चालवतात. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, एसी बंद. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम, कारण परीक्षा दोघींची सारखीच. पण आपल्या रस्त्याचं ते वचन नव्हे.

आणखी एक गंमत. 'लिटरला किती' हा प्रश्नच आपल्याला फसवतो. २००८ मध्ये रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अमेरिकी संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात हे दाखवून दिलं. उदाहरण आपल्या हिशेबात सांगतो. लहान गाडीचा ॲव्हरेज वीसवरून पंचवीस झाला, तर शंभर किलोमीटरला एक लिटर वाचतं. मोठ्या गाडीचा सहावरून आठ झाला, तर चार लिटरहून जास्त. ऐकायला पाच मोठे, वाचवायला दोन मोठे! युरोपात बहुतेक ठिकाणी शंभर किलोमीटरला किती लिटर लागले, असं मोजतात. मोठ्या गाडीच्या मालकानं हाच प्रश्न विचारावा. दोनाची वाढ त्याला क्षुल्लक वाटणार नाही, आणि ती बहुतेकदा उभ्या इंजिनाची किल्ली फिरवण्यातच असते.

भाच्याला मी एक वही दिली. म्हटलं, एकाच पंपावर टाकी काठोकाठ भर, काटा शून्यावर आण, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत किलोमीटर, लिटर आणि गाडी किती मिनिटं नुसती उभी राहून चालू होती ते लिही. आणि लिहिलेलं शेठना दाखव.

पुढच्या महिन्यात शेठना घेऊन तो कोल्हापूरला जाऊन आला. हायवे मोकळा, वेग ऐंशीचा. ॲव्हरेज अकराच्या जवळ गेला. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, डिझेलही त्याच पंपाचं. शेठनी शेजारी बसून आकडेमोड स्वतः केली.

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. वही मात्र ठेवून घेतली, आणि मीटिंगला उतरताना सांगितलं, "गाडी बंद कर. सावलीत लाव."